समुद्राला भोंगा नसतो

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा तू माझा हात सोडलास, कमल.

लाट मागं गेली होती. पाणी तेवढ्यापुरतं गुडघ्याखाली उतरलं होतं. दरडीच्या कपारीत तू ठेवलेला कॅन पाण्यानं हलायला लागला होता. तेलाचा पाच लिटरचा, पिवळ्या झाकणाचा, काठोकाठ भरलेला. तू माझा हात सोडलास आणि त्याच्याकडं गेलीस. मी ओरडले, "सोड ते डबडं. ये इकडं." तू वळली नाहीस. माझ्याकडं पाठ करून वाकलीस आणि झाकणाशी खटपट करायला लागलीस. मला वाटलं, झाकण घट्ट करती. जीव जायची वेळ आली तरी ही बाई झाकण घट्ट करती. मग मोठी लाट आली.

पुढचं तुकड्या-तुकड्यानं आठवतं. नाकात खारं पाणी गेलं. डोक्याला दगड लागला. मग छातीवर काहीतरी टणक आपटलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं. तो कॅन होता. त्याला धरून मी वरखाली होत राहिले. होडीवाले दोघं आले, त्यांनी मला केसाला धरून ओढलं. मी कॅन सोडेना म्हणून तोही होडीत घेतला. तुला त्यांनी संध्याकाळी आणलं. पलीकडच्या वाळूत सापडलीस म्हणाले. तुझ्या केसांत वाळू होती, लाल आणि पिवळी.

आज नळाला पाणी आलंय. इतके दिवस पाहुण्यांच्या गडबडीत कुणी भरलं, कसं भरलं, कळलं नाही. आज घरात माणसं नाहीत आणि तुझी सून एकटी भरते आहे. आधी टाकी, मग बादल्या, मग हंडे. तू असतीस तर पातेली भरली असतीस, तांबे भरले असतेस, वाट्यासुद्धा भरल्या असत्यास. मी पुढच्या खोलीत पलंगावर बसून हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर मोठं येतं, कागद लवकर भरतो.

पहिली गोष्ट तुला सांगायची ती फ्लेक्सची. तुझ्या विलासच्या मित्रांनी पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लावला. फोटो आधार कार्डावरचा. तो काढताना तू म्हणाली होतीस, "हे तोंड मेल्यावर लावू नका रे कुठं." तेच लावलं, दाराएवढं मोठं करून. खाली लिहिलं, "जावेसाठी प्राण देणारी माऊली." मी दूध आणायला जाते तेव्हा त्याच्याखालून जावं लागतं. माणसं आधी तुझ्याकडं बघतात, मग माझ्याकडं. काही जण हात जोडतात. कुणाला जोडतात ते मी विचारत नाही.

आपण सख्ख्या जावा. मी थोरली, तू धाकटी. दोघींचे नवरे गेले. माझी एक लेक, ती जालन्याला. हे घर तुझ्या नवऱ्यानं बांधलं आणि आता ते तुझ्या मुलाचं आहे. या घरात माझं म्हणून काही असेल तर तू होतीस. लोकांना हे दिसत नाही. त्यांना वाटतं म्हातारीचं काय, एक खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे.

तेराव्याला तुझ्या माहेरची एक बाई माझ्याशेजारी बसली. माझा हात धरून म्हणाली, "भाग्यवान हो तुम्ही. अशी जाऊ कुणाला मिळती?"

मी म्हटलं, "कशी?"

"जीव दिला की तुमच्यापायी."

"माझ्यापायी नाही," मी म्हटलं. "कॅनपायी. माझा हात सोडून कॅन धरायला गेली."

तिनं माझा हात सोडला. पदर डोक्यावर घेतला आणि उठून पंगतीकडं गेली. जेवण संपायच्या आत सगळ्या मांडवात झालं की थोरलीला काही वाटत नाही, दगड आहे. वाटतं की नाही ते मी कुणाला दाखवायला बसले नव्हते. आणि खोटं बोलले नव्हते. तू हात सोडलास. तू कॅनकडं गेलीस. मी डोळ्यांनी बघितलं.

पाहुणे गेल्यावर विलास माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा, खाली, पलंगाला टेकून. बिडकीनच्या कंपनीत तो साहेब असेल, इथं टेकून बसला की तुझाच पोरगा दिसतो.

"मोठे आई, एक विचारू?"

"विचार."

"आई तुझ्यासाठीच गेली ना?"

एवढंच त्याला पाहिजे होतं. व्हय म्हटलं असतं तर तो झोपला असता. मी म्हटलं, "नाही. कॅनसाठी."

 तो म्हणाला, "माझी आई प्लास्टिकच्या डबड्यासाठी मेली, असं सांगत जाऊ मी लोकांना?" आणि उठला. तेव्हापासून तो पुढच्या खोलीतून जातो-येतो, माझ्याकडं बघतो, थांबत नाही. रूपालीनं स्वयंपाकघरात भांडी लावता-लावता, मला ऐकू येईल असं म्हटलं, "खरं असलं तरी बोलायचं असतं का सगळं." तिचंही चुकलं नाही. सून म्हणून ती तुझ्यापेक्षा बरी आहे, हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू आठ दिवस बोलली नसतीस.

आता तुझ्याशी बोलते. तू मेलीस म्हणून तुझं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या बाबतीत तुझं डोकं फिरलेलं होतं. मान्य आहे, आपल्याकडं नळ आठवड्यानं येतो. सगळ्यांकडंच तसा येतो. पण तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं संडासात, हे तुझ्याच घरात. पाहुण्याला पाणी द्यायचं तर पेला अर्धाच. गल्लीत म्हणायचे, कमलबाईकडं जायचं तर घरून पिऊन जा. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा औषधाचे थेंब तूच टाकायचीस. थेंब गालावर ओघळला की म्हणायचीस, "आक्का, डोळा मिटायची घाई काय होती? वाया गेला ना." दुसऱ्या कुणाला टाकू दिलं नाहीस पण. तीन वेळा, वेळेवर, माझी हनुवटी धरून.

आणि झाकण. आपलं सगळ्यात जुनं भांडण झाकणाचं. डबा, बरणी, बाटली, काहीही असो, तू पिळून लावायचीस. माझ्या बोटांच्या गाठी सुजलेल्या. मला उघडायचं नाही. मी तुला हाक मारायची, तू हातातलं काम टाकून यायचीस, कुरकुरत उघडायचीस आणि मी वापरलं की परत तसंच पिळून लावायचीस. मी म्हणायची, "मी उपाशी मरावं असं आहे का तुझ्या मनात?" तू म्हणायचीस, "सैल झाकण अन् सैल तोंड, घरात दोन नको. एक आहे ते बास." सैल तोंड म्हणजे माझं. हे भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही.

समुद्र बघायला जायचं विलासनं काढलं. त्याला सुट्टी होती, गाडी नवी होती. म्हणाला, "तुम्ही दोघींनी समुद्र बघितला नाही, चला." मी म्हटलं, पाणी बघायला एवढ्या लांब कशाला, पैठणचं धरण बघितलंय की. तू मात्र लगेच तयार. घरचं पाणी भरून हाच कॅन बरोबर घेतलास. रूपाली म्हणाली, "आई, बाटल्या मिळतात ओ रस्त्यात." तू म्हणालीस, "मिळू दे." घाट उतरेपर्यंत ते पाणी संपलं. रिकामा कॅन तू मांडीवर घेऊन बसलीस, लेकरू घेतल्यासारखा.

ती जागा चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल. वाळू एवढी मऊ आणि स्वच्छ की चप्पल घालून चालायची लाज वाटली. पाणी लांब, पार लांब गेलेलं. आणि मागं ती दरड. आपल्या गोदावरीची दरड म्हणजे काळी माती नाहीतर पांढरी माती, एक रंग. ही वरून गेरूसारखी लाल, खाली हळदीसारखी पिवळी, त्याच्याखाली जांभळट, मग शाडूसारखी पांढरी आणि तळाला काळा दगड. ऊन पडलं होतं तिच्यावर. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस.

"आक्का, कुणी लुगडी वाळत घातल्यागत दिसतंय."

"एवढी लुगडी कुणाची?" मी म्हटलं.

"समुद्राची बायको असंल. कपाटात जागा नसंल."

तू असं काही बोलायचीस आणि स्वतःच आधी हसायचीस. दात नसलेल्या बाजूला हात धरून. मी त्या दिवशी हसले का ते आठवत नाही. हसले असेन. उन्हानं डोळे दुखत होते.

विलास आणि रूपाली जेवणाचं सांगायला वर खानावळीत गेले. जाताना विलास म्हणाला, "इथंच बसा दोघी." आपण बसलो. शहाळी विकणारी एक बाई होती. तिनं बोलता-बोलता सांगितलं की त्या कोपऱ्यापलीकडं दरडीतून गोड्या पाण्याची धार पडते, बारा महिने. झालं. तू उठलीस.

"बारा महिने?"

"हो. पिऊन बघा, साखरेसारखं आहे."

"अन् जातं कुठं?"

"जाणार कुठं? समुद्रात."

तुझं तोंड मी बघितलं. कुणी दागिना गटारीत टाकला असं सांगितल्यासारखं झालं होतं. कॅन उचललास. शहाळीवाली म्हणाली, "जा, पण भरती लागायच्या आधी परत या हो. तो कोपरा बुडतो." तू विचारलंस, "भोंगा वाजतो का?" ती हसली. तिला वाटलं तू थट्टा करतेस.

तू थट्टा करत नव्हतीस. आपलं गाव गोदाकाठचं, धरणाच्या खाली. सगळं आयुष्य आपण पाण्याला भोंग्यावर ओळखलं. धरणाची दारं उघडायची असली की आधी गावात भोंगा वाजायचा. मग शेतातली मोटार काढायची, गुरं वर आणायची, वाळत घातलेलं उचलायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर सावकाश पाणी यायचं. पाणी सांगून येतं, हे आपल्या हाडात बसलेलं. बाई सांगत होती ते आपल्याला ऐकू आलं, कळलंही. पण पाणी तिकडं लांब होतं आणि भोंगा वाजला नव्हता. तू म्हणालीस, "चढायला वेळ लागतो पाण्याला." मीही मान हलवली. मलाही तसंच वाटलं. म्हणून तू मला तिकडं नेलंस असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. मी माझ्या पायांनी आले.

धार खरंच होती. लाल आणि पिवळ्याच्या मधून निघून काळ्या दगडावरून खाली, करंगळीएवढी. खाली वाळूत तिनं छोटी वाट केली होती आणि ती वाट समुद्राकडं जात होती. तू ओंजळ धरलीस, प्यालीस, मला पाजलंस. थंड होतं. गोड होतं.

"आक्का, बघा. असं चाललंय. रोज. कुणी भरंना."

"त्यांच्याकडं रोजच येतं तर कशाला भरतील?"

"म्हणून काय वाया घालवायचं?"

तू कॅन विसळलास, परत विसळलास, मग धारेखाली धरलास. भरायला वेळ लागला. तेवढ्यात तोंड धुतलंस, पाय धुतलेस, माझे पाय धुतलेस. नको म्हटलं तरी धुतलेस. म्हणालीस, "इथं तरी पाण्याला नाय म्हणू नका." कॅन गळ्याशी आला तरी तू थांबेनास. काठोकाठ भरला, झाकण पिळलंस आणि मला म्हणालीस, "उचला." मी उचलून बघितला आणि खाली ठेवला. एवढं वजन माझ्या हाताला झेपणार नव्हतं. मी म्हटलं, "गावभर पाणी वाहून म्हातारी झाले, आता विलासला बोलवू." तू तो कपारीत ठेवलास, सावलीला, तापू नये म्हणून. आणि आपण दगडाला टेकून बसलो.

तिथं तू परत ते जुनं काढलंस. "आक्का, आता तरी पोहायला शिका. एवढं पाणी फुकटचं पडलंय."

हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. तू लग्न होऊन आलीस ती पोहणारी आलीस. तुझ्या माहेरी पोरीही विहिरीत पोहायच्या. आमच्याकडं बायका विहिरीत फक्त वाकून बघायच्या. तू आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी शेतात कुणी नसताना मला विहिरीवर नेलंस. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्या पाठीला दोरीनं बांधलास. माहेरी तुम्ही सगळ्या अशाच शिकलात म्हणालीस. बांधताना डबा कानाशी नेऊन हलवलास आणि शिकवणीचा पहिला नियम सांगितलास, "आत थेंब राहायला नको आणि झाकण घट्ट पाहिजे. थेंब राहिला की डबा जड. झाकण सैल की डबा बुडवणार. एवढं पाळलं की तो तुम्हाला मरू देत नाही."

मी पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर बसले, पाण्यात पाय सोडले आणि उठून वर आले. घाबरले होते. लोक काय म्हणतील असं तुला सांगितलं. तेव्हापासून वर्षानुवर्षं तुझा टोमणा चालू. "आक्का डबा बांधून पायरीवर बसतात." लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, कुठंही. त्या दिवशी दरडीखालीही तेच म्हणालीस. मी म्हटलं, "बास कर की आता, किती पुरवशील एक गोष्ट." आणि तेवढ्यात माझ्या पायाला पाणी लागलं.

बघितलं तर कोपरा नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यावर लाटा आपटत होत्या. आपण आलो ती वाळूच नव्हती. कुणी काही वाजवलं नाही. कुणी सांगितलं नाही. आपण दगडावर चढलो, वर आणखी चढायला गेलो तर ती रंगीत दरड हातात येईना. पिवळी माती धरली की निसटून खाली यायची. लांबून एवढी चांगली दिसत होती. तू मला दगडावर उभं केलंस, हात धरलास आणि म्हणालीस, "खाली बघू नका. ती बाई सांगंल कुणाला तरी." ते खरं निघालं. तिनंच होडीवाले पाठवले.

मग पाणी कमरेच्या वर आलं आणि तू माझा हात सोडलास.

हे मी सगळ्यांना सांगितलं. विलासला, पोलिसाला, तेराव्याच्या बायकांना. कॅन माझ्याकडं कसा आला असं विचारलं तर म्हटलं, लाटेनं आणला. त्यावर कुणी पुढं काही विचारलं नाही. त्यांना वाटतं तू रिकामा कॅन घेऊन पाणी भरायला गेलीस आणि भरायच्या आधीच सगळं झालं. भरलेला मी सोडून कुणी बघितला नाही.

मघाशी रूपाली आत आली. हंडे भरून झाले होते, नळ अजून चालू होता. ती पलंगाखाली वाकली आणि कॅन ओढून काढला.

"मोठ्या आई, हा भरते. पाणी जोरात आहे आज."

"भर."

तिनं झाकण फिरवलं. दोन्ही हातांनी फिरवलं. पदर गुंडाळून फिरवलं. "आईंनीच लावलेलं दिसतंय," ती म्हणाली. मग तिनं तो कानाशी नेऊन हलवला, आत काही आहे का बघायला. तू विहिरीवर हलवला होतास तसाच. काही वाजलं नाही.

"रिकामाच आहे," ती म्हणाली.

"ठेव इथं. आणि बाहेर जाऊन नळ बघ, सांडतंय."

मला हे आज कळलं असं नाही. होडीतच कळलं होतं. दोघं जण माझ्या हातातला कॅन सोडवत होते आणि तो एवढा हलका होता की मी एका हाताच्या कवेत धरला होता. जो मी थोड्या वेळापूर्वी उचलून, झेपेना म्हणून खाली ठेवला होता, तोच. भरलेला कॅन माणसाला तरंगवत नाही, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण कळलेलं सगळं लगेच घेता येत नाही. कॅनसाठी गेलीस असं म्हटलं की मला तुझा राग करता येतो. मूर्ख बाई, डबड्यापायी मेली, असं म्हणून मी जेवायला बसू शकते. माझ्यासाठी गेलीस म्हटलं तर तुझ्या मुलाच्या घरात, तुझ्या सुनेच्या हातचा घास मी कुठल्या तोंडानं गिळायचा? विलास समोरून गेला की तो काय बघतो? आई नाही आणि ही आहे, हेच ना? म्हणून मी कॅन, कॅन करत राहिले. पण मग तो पोरगा काय घेऊन जगणार, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. आता मी दमले आहे. रडून नव्हे, एकच गोष्ट तोंडानं सांगायची आणि दुसरी पलंगाखाली ठेवायची, यानं दमले.

तर जे झालं ते असं झालं. तू हात सोडलास, कारण झाकण उघडायला दोन हात लागतात. तू पिळून लावलेलं झाकण तुझ्याशिवाय कुणाला उघडत नाही. ते तू उघडलंस. डोळ्याच्या औषधाचा थेंब गालावर ओघळला तरी हळहळणारी बाई तू, ते साखरेसारखं पाणी समुद्रात ओतलंस, सगळं. दोन लाटांच्या मधे जेवढा वेळ होता तेवढा त्याला दिलास. पाठ माझ्याकडं होती म्हणून मला दिसलं नाही. परत झाकण लावलंस, तुझ्या पद्धतीनं लावलंस आणि लाट आली तसा कॅन माझ्याकडं सोडलास. आणि मी मागून ओरडत होते, सोड ते डबडं. तू ऐकलं असशील. ओरडल्याचं मला काही वाटत नाही. आपण सगळं आयुष्य असंच बोललो. गोड बोलले असते तर तू वळून बघितलं असतंस, की हिला झालं काय.

तुला पोहता येत होतं. कॅन तू स्वतःच्या पोटाशी धरला असतास तर आज तू पाणी भरत असतीस आणि फ्लेक्सवर मी असते. माझा आधार कार्डावरचा फोटो तुझ्यापेक्षा वाईट आहे.

एवढं लिहून कागद ठेवला आणि संध्याकाळी विलास कामावरून आला. मी त्याला हाक मारली. तो दारात थांबला, आत आला नाही. मी म्हटलं, "बस." तो पलंगाच्या काठावर बसला. मी कॅन त्याच्या मांडीवर ठेवला.

"हलवून बघ."

त्यानं हलवला. "रिकामा आहे."

"तुझ्या आईनं तो काठोकाठ भरला होता. मी उचलून बघितला होता. मला झेपला नाही."

 त्यानं कॅनकडं बघितलं. पोहायला त्याला तूच शिकवलंस, त्याच विहिरीत, तसाच डबा बांधून. मला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं झाकणावर हात ठेवला, फिरवून बघितलं नाही.  रूपाली दारात येऊन उभी राहिली, तिला त्यानं हातानंच थांबवलं. मग पलंगाला पाठ टेकून खाली बसला. म्हणाला, "मोठे आई, तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग इथंच जेवू."

कॅन परत पलंगाखाली आहे. झाकण कुणी उघडलेलं नाही.

दरडीखाली आपण दोघी होतो, कमल. तू बुडालीस. मी वाचले.